मुलीला जिऑलॉजी घ्यायचंय, मँगनीजच्या भरवशावर घेऊ द्यावं का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुमसरला तुमचं हार्डवेअरचं दुकान, वडील चिखल्याच्या मँगनीज माईनमध्ये होते, मुलीने बारावी सायन्सनंतर दोनदा नीट दिली पण जमलं नाही, आता ती म्हणते बीएस्सी जिऑलॉजी करते आणि पुढे मँगनीजमध्येच काम करते. घरातून आवाज उठला की "दगडं फोडाले जायचं होतं त बारावी सायन्स काहून केली". तुमचे प्रश्न असे की यात स्कोप आहे का, माईन संपली तर काय, मुलीला खाणीत पाठवावं का, आणि त्यापेक्षा सरळ मायनिंग इंजिनिअरिंग का नको. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेजही पाठवलात, ईव्हीच्या बॅटरीमुळे मँगनीजला सोन्याचे दिवस येणार वगैरे.

आधी त्या मेसेजचं बघू. जगातलं मँगनीज साधारण नव्वद टक्के स्टीलमध्येच जातं, बॅटरीचा वाटा अजून छोटा आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये 30 क्रिटिकल मिनरल्सची यादी काढली त्यात तर मँगनीज नाहीच. पण स्टील मँगनीजशिवाय बनत नाही, रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना ओलांडतात तिथला तुकडा बारा-तेरा टक्के मँगनीज घातलेल्या स्टीलचा असतो, आणि आपला देश स्वतःची खनिजं काढूनही दक्षिण आफ्रिका, गॅबॉनकडून ओअर, म्हणजे कच्चं खनिज, मागवतो. म्हणजे मागणी कुठे जात नाही, पण सोन्याचे दिवस वगैरे डोक्यातून काढा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मँगनीज हे करिअर नाही, जिऑलॉजी हे करिअर आहे. मँगनीज हा तुमच्या मुलीच्या घराजवळचा आखाडा आहे, तालीम तिथे करायची, कुस्ती कुठेही खेळता येते. आणि हा आखाडा साधासुधा नाही हो. तुमसर, रामटेक, बालाघाट, तिरोडी या पट्ट्यातल्या खडकांना सौसर ग्रुप म्हणतात, छिंदवाड्याकडच्या सौसरवरून नाव पडलं, आणि त्यातल्या फॉर्मेशन्सची, म्हणजे थरांच्या गटांची, नावं ऐकाल तर तुम्हाला एसटीचा बोर्ड वाचल्यासारखं वाटेल, सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. दुसऱ्या राज्यातली पोरं ही नावं पाठ करतात, तुमची मुलगी त्या गावांच्या लग्नाला जाऊन आली असेल.

तिने तुमच्या पत्राच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न लिहिलाय तो मला सगळ्यात जास्त आवडला. तिच्याकडे दोन काळे दगड आहेत, एक हातात घेतला की बोटं काळी होतात, दुसरा चांगला जड आणि टणक, हात अजिबात काळे करत नाही, चाकूने ओरखडाही पडत नाही, मग दोन्ही मँगनीज कसे? ज्या पोरीला हा प्रश्न पडतो तिला जिऑलॉजी नको म्हणणं मला तरी जड जाईल.

उत्तर असं. दगड हातात न घेता खात्रीने सांगता येत नाही, पण पहिला बहुतेक पायरोलुसाइट असणार, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, मऊ आणि काजळीसारखा. दुसरा बहुतेक ब्राउनाइट. दोन्ही एकाच माईनमधून येऊ शकतात, फक्त दोघांचा जन्म वेगळ्या वेळचा. खूप खूप वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्या पाण्यात लोखंड आणि मँगनीज दोन्ही विरघळलेलं होतं, ऑक्सिजन मिळाला की लोखंड आधी खाली बसतं, मँगनीज मात्र हट्टी, त्याला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून ते पाण्यात पुढे जातं आणि वेगळ्या जागी वेगळा थर बनवतं, आपल्याकडे मँगनीजचे थर लोखंडापासून इतके वेगळे सापडतात त्याचं कारण हे. मग हे थर खोल गाडले गेले, दाबले गेले, तापले, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी घड्यांवर घड्या पडल्या. ज्या थरात मँगनीज बऱ्यापैकी शुद्ध होतं तिथे ब्राउनाइट, बिक्सबाइट, हॉलंडाइट अशी टणक खनिजं तयार झाली, जिथे वाळू-चिखल मिसळलेला होता तिथे स्पेसार्टिन नावाचा गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून एक खडक झाला त्याला गोंडाइट म्हणतात. हे नाव फर्मर नावाच्या ब्रिटिश जिऑलॉजिस्टने गोंड लोकांवरून दिलं, त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ जिऑलॉजिकल सर्व्हेने 1909 मध्ये छापला आणि अजूनही लोक तो उघडतात. शेवटी हे सगळं वर आलं, पावसापाण्याने झिजलं, आणि वरच्या भागातल्या टणक खनिजांचं मऊ काळं पायरोलुसाइट, क्रिप्टोमिलेन झालं. म्हणजे हात काळे करणारा दगड हा टणक दगडाच्या कितीतरी नंतरचा. तिला म्हणावं मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आण, काळ्या भुकटीवर दोन थेंब टाक, फसफसलं की डायऑक्साइड आहे असं समजायला हरकत नाही. कॉलेजात पुढे बोरॅक्स बीड टेस्ट करेल तेव्हा मँगनीजने मणी जांभळा होतो, तो रंग एकदा बघितला की विसरत नाही. दगडाची भुकटी करताना धूळ मात्र नाकात जाऊ देऊ नको म्हणावं, मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं पोटात-छातीत गेली तर मेंदूच्या नसांना त्रास होतो.

तुम्ही म्हणाल हे सगळं ठीक, पण यात पोट कसं भरणार. एक उदाहरण देतो. समजा एखाद्या माईनच्या ओअरमध्ये सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो घटक, नऊ-दहा टक्के येतेय, स्टीलसाठी मिश्रधातू बनवणारा फेरो अलॉयवाला कुरकुर करतोय, कोणीतरी म्हणतं धुऊन काढा, वॉशिंग प्लँट लावा. आता ब्राउनाइटच्या स्वतःच्याच रचनेत सुमारे दहा टक्के सिलिका असते. ती दगडाला चिकटलेली माती नाही, खनिजाच्या आतच बसलेली आहे, कितीही धुवा, जाणार नाही. ती सिलिका क्वार्ट्झची आहे की ब्राउनाइटची हे केमिकल रिपोर्ट सांगत नाही, मायक्रोस्कोपखाली बघणारा माणूस सांगतो, आणि त्याला आधी विचारलं असतं तर प्लँटचा खर्च वाचला असता. ही झाली मिनरलॉजी. दुसरं, मनसर-कांद्रीकडे ओअरचा थर इतका घडी पडलेला आहे की एकच थर तुम्हाला दोन-तीनदा भेटतो, घडीच्या वळणावर जाड होतो, बाजूंना पातळ होत होत तुटतो सुद्धा, ड्रिलचं भोक जरा चुकीच्या जागी पडलं की काहीच लागत नाही आणि वरचे साहेब म्हणतात इथे ओअर संपलं. संपलेलं नसतं, वळलेलं असतं. ते कुठे वळलं हे कागदावर काढून दाखवणं ही जिऑलॉजिस्टची नोकरी. दगडं फोडायचं काम मशीन करतं.

माईन संपण्याच्या भीतीबद्दलही यातच उत्तर आलं. चिखला अंडरग्राउंड आहे, डोंगरी बुजुर्ग ओपनकास्ट म्हणजे वरून उघडी, बालाघाटची भरवेली माईन चारशे मीटरच्या खाली गेली आहे आणि अजून खोल जातेय. हे सगळं चालवणारी मॉयल, मूळ ब्रिटिश कंपनी 1896 ची, 1962 मध्ये सरकारने निम्म्याहून जास्त वाटा घेतला, 1977 मध्ये पूर्ण सरकारी झाली, 2023-24 मध्ये साडेसतरा लाख टनांच्या वर ओअर काढलं. म्हणजे उद्या बंद होईल असं काही नाही. पण खरं सांगू का, मॉयलमध्ये जिऑलॉजिस्टच्या जागा एका वेळी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच निघतात, "माझ्या आजोबांची माईन आहे म्हणून मी तिथेच" असं ठरवून कोणी तीन-पाच वर्षं शिकू नये.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट अशी की खनिजांची अर्धी सरकारी यंत्रणा नागपुरात बसलेली आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं हेडऑफिस तिथे, जिऑलॉजिकल सर्व्हेचं सेंट्रल रीजनचं ऑफिस तिथे, ड्रिलिंग करणारी एमईसीएल तिथे, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय तिथे, मॉयल आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स पण. पुण्या-मुंबईच्या पोराला ज्यासाठी रूम घ्यावी लागते ते तुम्हाला दोन-तीन तासांवर आहे.

रस्ता साधारण असा. आधी बीएस्सी, मग एमएस्सी जिऑलॉजी, नुसत्या बीएस्सीवर चांगली नोकरी मिळेल या भ्रमात राहू नका, पाच वर्षांची तयारी ठेवूनच घ्या नाहीतर घेऊ नका. एमएस्सी नागपूर विद्यापीठात होते, पुण्यात होते, आणि आयआयटी बॉम्बे, धनबादला जायचं असेल तर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम नावाची परीक्षा द्यायची. एमएस्सी झालं की यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट, वय 21 ते 32, प्रिलिम, मेन, इंटरव्ह्यू, पास झालात तर जिऑलॉजिकल सर्व्हेमध्ये थेट ग्रुप ए, सुरुवातीचं बेसिक 56,100. शिवाय गेट नावाची परीक्षा आहे, काही सरकारी कंपन्या त्यावरून घेतात. नीटला दोन वर्षं बसलेल्या मुलीला परीक्षेची सवय झालेली असते, ती वाया गेली असं तुम्हाला वाटतं पण या रस्त्यावर तीच कामाला येते. खासगीत एक्सप्लोरेशन एजन्सीज आता वाढल्यात, सुरुवातीचा पगार बघून तुम्ही नाक मुरडाल, पण दोन-तीन वर्षं ड्रिल कोअर, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेले दगडाचे दांडके, बघितलेल्या माणसाला नंतर कोणी हलकं धरत नाही.

आणि समुद्र आवडत असेल तर तोही दरवाजा आहे. 26 जानेवारी 1981 ला आपल्या गवेषणी जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून मँगनीजचे बटाट्याएवढे गोळे पहिल्यांदा वर काढले, आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरचा तळ भारताच्या वाट्याला आहे, आणि त्यावर गोव्याच्या दोनापावलाच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, काम चालतं. तुमसरची पोर तिथे का नाही जाणार.

मायनिंग इंजिनिअरिंगचं म्हणाल तर ते वाईट नाही, नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे, पण त्याला जेईई लागते आणि तिने बारावीला गणित घेतलं नसेल तर तो विषयच संपला. शिवाय काम वेगळं. मायनिंगवाला सुरक्षितपणे माल बाहेर कसा काढायचा ते बघतो, ब्लास्टिंग, सपोर्ट, वाळूने पोकळी भरणं, माणसांची जबाबदारी. जिऑलॉजिस्ट माल आहे कुठे, कसला, किती ते सांगतो. तुमच्या मुलीचा प्रश्न "हे दोन्ही मँगनीज कसे" असा आहे, "हे बाहेर कसं काढतात" असा नाही. कल स्पष्ट आहे.

मुलगी खाणीत जाणार का. 2019 पर्यंत कायद्याने बायकांना अंडरग्राउंड कामावर पाठवायला बंदीच होती. त्या वर्षी केंद्राने सूट दिली, टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजरच्या कामासाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात, तेही तिची लेखी संमती असेल तर, अशी तेव्हाची अट होती. जिऑलॉजिस्टचं बरंच काम तसंही वर असतं, कोअर बघणं, नकाशे, मायक्रोस्कोप, सॉफ्टवेअर. पण जिऑलॉजिकल सर्व्हेत गेली तर वर्षातले काही महिने फील्ड, कॅम्प, जंगल, उन्हात पंधरा किलोमीटर चालणं हे असणारच, आणि मुली ते करतात, आज नाही, बऱ्याच वर्षांपासून. तुमच्या भीतीला मी हसत नाही, बाप आहात, पण लग्नाचं काय होईल हा प्रश्न मला विचारू नका, मी करिअरचा माणूस आहे.

आता या जूनमध्ये काय करायचं. ज्या कॉलेजात नाव घालणार तिथे फी भरायच्या आधी मुलीला घेऊन जिऑलॉजीच्या लॅबमध्ये जा आणि विचारा की पेट्रोलॉजिकल मायक्रोस्कोप, म्हणजे खडक बघायचे मायक्रोस्कोप, किती आहेत आणि त्यातले चालू किती, आणि वर्षाला फील्ड ट्रिप होते की नुसती सही घेतात. मायक्रोस्कोप कपाटात कुलूप लावून ठेवलेला असेल तर दुसरं कॉलेज बघा, लांब पडलं तरी चालेल. फील्ड म्हणून माईनच्या हद्दीत तिला एकटीला किंवा मैत्रिणींसोबत पाठवू नका, ते कॉलेजच्या पत्राने, परवानगीनेच. बाहेर रस्त्याच्या कटिंगमध्ये, नाल्यात भरपूर दिसतं. वही ठेवायला सांगा, दगड कुठे सापडला ते गाव, तारीख, रंग, जड की हलका, जागा लिहिलेली नसेल तर दगडाला काही किंमत नाही.

आणि फॉर्म भरताना विषयांचं कॉम्बिनेशन नीट बघा, आता एनईपीमध्ये, म्हणजे नव्या शिक्षण धोरणात, मेजर-मायनरचा (मुख्य आणि दुय्यम विषयाचा) घोळ असतो. जिऑलॉजी मेजर, केमिस्ट्री मायनर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, मिनरलॉजीचा पाया तिथेच आहे. फिजिक्स जड जातं म्हणून सोडलं तर मी ऐकून घेईन, केमिस्ट्री मात्र सोडू देऊ नका.