फिजिओथेरपी चालू असताना आजीला ऑक्युपेशनल थेरपी वेगळी लागते का?

बरेचदा लागते. फिजिओथेरपीचा भर ताकद आणि हालचालीवर असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहतो की आजी स्वतः अंघोळ करते का, बटणं लावते का, रात्री उठून बाथरूमपर्यंत नीट पोचते का. जिथे अडतं तिथे सराव करून घेतो, शिवाय घरातही बदल सुचवतो: कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलचा दांडा धरून उठू देऊ नका, तो वजन पेलायला नसतो), अंघोळीला न घसरणारं स्टूल, जाड मुठीचा चमचा. सुटी पायपुसणी तर आजच उचला.

घरच्यांना जड जातं ते वेगळंच: बटणाला कितीही वेळ लागला तरी मध्ये हात न घालणं. थेरपिस्टला शक्यतो घरीच बोलवा. उंबरठा, अंधारा बोळ दवाखान्यात दिसत नाहीत.