उचल घेतली म्हणून बहिणीला फडावर जावंच लागेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बहीण नवऱ्याच्या मारहाणीमुळे दोन लेकरं घेऊन परवा रात्री माहेरी आली. भावजींनी यंदा ऊसतोडीसाठी पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, तिच्याही नावची उचल (आगाऊ रक्कम) घेतलीय आणि रविवारी दोन्हीकडची माणसं बसून तिला परत नांदायला पाठवणार. तिला कुठं ठेवता येईल, हे तुम्ही विचारलंय.

ते सांगते. पण आधी एक मनावर घ्या, रविवारच्या बैठकीआधी कागद झालाच पाहिजे. बीड-परभणीकडच्या बायकांसोबत पंधरा वर्षं चकरा मारतेय. बैठकीत नवरा "आता हात लावणार नाही" म्हणतो, सगळे चहा पिऊन उठतात आणि पुढच्या मारहाणीला तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं. समेट करायचाच असेल तर कागदानंतर करा.

पहिला कागद दवाखान्याचा. एक बाई मनगट सुजवून आली होती, बांगडी काढता येईना. दवाखान्यात दीर शेजारी उभा, म्हणून ती "पडले" म्हणाली. तेच लिहिलं गेलं, आणि कोर्टात तेच तिच्यावर उलटलं. तेव्हा बहिणीला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. कुणी मारलं, कशानं मारलं, ते तिच्या तोंडून लिहून घ्यायला लावा.

दुसरा कागद संरक्षण अधिकाऱ्यांचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते घडलेल्या हिंसेचा अहवाल तयार करून कोर्टात देतात. पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळेल. ती सध्या माहेरी राहतेय, म्हणून अर्ज माहेरच्याच तालुक्याच्या कोर्टात चालतो. सासरच्या तालुक्याला जायची गरज नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. पोटगी, लेकरांचा ताबा, नवऱ्याला मज्जाव हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते स्पष्ट केलंय.

आता राहण्याचं. माहेरी धोका असेल तर सखी वन स्टॉप सेंटर. १८१ वर फोन केला की जवळचं केंद्र सांगतात. ते रात्रीही उघडं असतं, पण मुक्काम साधारण पाचच दिवसांचा. पुढच्या लांब मुक्कामासाठी शक्ती सदन, जुनं स्वाधार गृह. भाचा अकरा वर्षांचा आहे म्हणालात. मुलग्यांना वयाची अट असते, त्याचं फोनवरच विचारून घ्या, दारात गेल्यावर ताटातूट नको. जीवावर बेतलं तर मात्र थेट ११२.

उचलीचं भय घालतील, उचल देऊन मजूर नेणारा मुकादम दारात उभा राहील म्हणतील. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालीय. नवऱ्याने घेतलेल्या पैशापोटी बाईला ओढून ऊसतोडीच्या फडावर नेता येत नाही. दम दिलाच तर तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा आणि पोलिसांत लेखी द्या.

आज संध्याकाळी फोन तुमच्या मोबाइलवरून करा, तिचा मोबाइल नवरा तपासतो म्हणालात ना. तिचं आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि लेकरांचे शाळेचे दाखले सासरी राहिले असतील तर तसं अर्जातच लिहा, ते परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. एकटीने ते आणायला तिला अजिबात पाठवू नका.