सर्व्हिसिंगचं बिल १,९२० रुपये, यातलं घरी किती जमेल?

प्रश्न : नमस्कार काका, माझी १०० सीसीची मोटरसायकल आहे, चार वर्षं झाली, वॉरंटीचं आता काही राहिलं नाहीये. कराडजवळच्या गावातून तासवडे एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात, महिन्याला हजार धरा. दर ३,००० ला म्हणजे तीन महिन्यांनी शोरूमला सर्व्हिसिंग करतो. यावेळी बिल आलं १,९२० रुपये. इंजिन ऑईल ४१०, लेबर ४५०, एअर फिल्टर २४०, इंजिन फ्लश १९०, पॉलिश-कोटिंग ३५०, चेन क्लीन-ल्युब १२०, कन्झ्युमेबल ६०, वॉशिंग १००. फिल्टर तर मागच्या सर्व्हिसिंगलाही बदललेला. वर्षाला साडेसात हजाराच्या वर जातात. मित्र म्हणतो घरीच कर, त्यात काही नसतं. घरचे म्हणतात नको, गाडी रोजची आहे, बिघडली तर कामावर खाडा. काय करू?
- एक वाचक, कराड

उत्तर : बिलाचा एकेक आकडा लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, नाहीतर बरेचजण नुसतं 'फार घेतात हो' एवढंच लिहितात आणि मग सांगायचं काय तेच कळत नाही. माझा तुम्हाला सल्ला असा की पाना नंतर हातात घ्या, आधी हे बिल हातात घ्या, कारण तुमचे जास्त पैसे तिथे वाचणार आहेत.

गाडीबरोबर जे मॅन्युअल मिळालं होतं ते शोधा, बहुतेक डिकीत नाहीतर आरसीच्या पिशवीत असेल. त्यात मागच्या बाजूला एक तक्ता असतो, डावीकडे पार्ट आणि वर किलोमीटर, आणि चौकटींमध्ये इंग्रजी अक्षरं. आय म्हणजे तपासा, सी म्हणजे साफ करा, ए म्हणजे अ‍ॅडजस्ट करा, एल म्हणजे ऑईल-ग्रीस द्या आणि आर म्हणजे बदला. फिल्टरच्या ओळीत 'आर' कुठे आलाय बघा. बऱ्याच कम्युटर गाड्यांना तो १५-१६ हजाराच्या आसपास असतो आणि तुमचा ६,००० किलोमीटरमध्ये दोनदा बदलला गेला. आता तुमच्याकडे गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागून धूळ खात जावं लागतं हे मला माहीत आहे, धुळीच्या रस्त्याला फिल्टर लवकर बदला असं मॅन्युअलच सांगतं, पण लवकर म्हणजे सुद्धा ३,००० ला नाही. कव्हर उघडून फिल्टर डोळ्यांनी बघायचा आणि मग ठरवायचं. एक मात्र लक्षात ठेवा, हल्ली बऱ्याच गाड्यांत ऑईल लावलेला कागदी फिल्टर येतो, हाताला जरा चिकट लागतो, तो हवा मारून साफ करायचा नसतो. हवा मारली की ऑईल उडतं, धूळ कागदातून आरपार आत जायला लागते आणि तीच पुढे पिस्टन-सिलेंडरला घासते. जुना स्पंजचा फिल्टर असेल तर तो मात्र धुवून वापरता येतो.

इंजिन फ्लश तुमच्या गाडीला नको. वेळच्या वेळी ऑईल बदललेल्या इंजिनात धुवून काढण्यासारखा गाळ साठत नाही. पॉलिश-कोटिंग ही हौस आहे, सर्व्हिसिंगमध्ये मोजू नका. कन्झ्युमेबलचे ६० म्हणजे नक्की काय ते विचारा, चेन साफ करण्याचे वेगळे लावलेत, लेबर वेगळं लावलंय, मग हे कशाचे? गाडी देताना जॉब कार्ड करतात ना, सही तिथे होते. सही करायच्या आधी सांगायचं की एवढंच करा, बाकी काही लागलं तर फोन करा, आणि काढलेला जुना पार्ट मला दाखवा. हे सांगायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटरसायकलच्या पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलात तोही एकदा बघून घ्या.

आता घरी काय करता येईल. ऑईल बदलणं, चेन, प्लग काढून बघणं, मागचा ड्रम ब्रेक नटाने अ‍ॅडजस्ट करणं, क्लच वायरचा प्ले म्हणजे लिव्हरची ढील, टायरची हवा, एवढं कुणालाही जमतं.

ऑईल कुठलं हे मॅन्युअलमध्ये असतं, स्प्लेंडर, शाईन अशा बऱ्याच गाड्यांना १० डब्ल्यू ३० चालतं, पल्सरच्या जुन्या मॉडेलना २० डब्ल्यू ५०. ग्रेडपेक्षाही आधी बाटलीवर जासो एमए किंवा एमए २ (JASO MA, MA2, हे मोटरसायकलच्या ऑईलचं मानांकन) लिहिलंय का बघा. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ते घातलं की क्लच प्लेटा घसरायला लागतात, गाडी नुसती रेस होते आणि ओढत नाही. घरात कारचं ऑईल उरलंय म्हणून घातलं आणि महिन्यात क्लच प्लेटा बदलायला आला, असे कितीजण माझ्याकडे येऊन गेलेत.

गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा, ऑईल पातळ होतं आणि सगळं उतरतं. सपाट जागी डबल स्टँडला लावा, वरची डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची काडी, सैल करा, खाली पसरट भांडं ठेवा आणि इंजिनच्या पोटाखालचा ड्रेन बोल्ट काढा, बऱ्याच गाड्यांना १७ नंबरचा पाना लागतो. शेवटचे आटे बोटांनी फिरवताना हात बाजूला ठेवा, ऑईल गरम असतं. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑईल उतरलं की बोल्ट परत बसवताना पाना लगेच लावायचाच नाही. नवीन वायसर घाला, पाच-दहा रुपयांचा असतो, बोल्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवा, सरळ बसला असेल तर तो लोण्यासारखा आत जातो आणि पूर्ण टेकेपर्यंत बोटांनीच जातो. मध्येच अडला तर जोर लावू नका, उलटा फिरवून काढा आणि परत लावा. टेकला की मग पाना आणि तोही टोकाला नाही, मध्यावर धरून घट्ट करा, लांब पाइप घालून तर कधीच नाही. इंजिनचा केस अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडी, भांडण झालं की हरतो तो केस. एकदा एक मुलगा चार किलोमीटर गाडी ढकलत माझ्याकडे आला होता, खाली थेंब-थेंब ऑईल गळत होतं. गळू नये म्हणून त्याने बोल्ट आणखी आवळला, आणखी आवळला आणि आटे सुटून बोल्ट नुसता गरागरा फिरायला लागला. बोल्ट काढला तर आट्यांवर अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आली होती. मग भोक मोठं करून नव्या आट्यांचा बुश मारावा लागला, त्या खर्चात त्याची तीन सर्व्हिसिंग झाली असती. जुना वायसर दबलेला होता, एवढंच कारण होतं.

नवीन ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. अख्खी बाटली ओतलीच पाहिजे असं काही नाही, जास्त झालं तरी इंजिन जड चालतं आणि सील फुटू शकतं. दोन-तीन मिनिटं चालू करा, बंद करून थोडं थांबा, मग डिपस्टिक पुसून बघा. बऱ्याच गाड्यांत ती बघताना आटे फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते, फिरवून बघितली तर लेव्हल चुकते. ऑईल दोन रेघांच्या मध्ये हवं. रिकामी बाटली तशीच भंगारात टाकू नका, खिळ्याने भोक पाडा, त्याच बाटल्यांत भेसळीचं ऑईल भरून विकणारे आहेत.

चेनचं म्हणाल तर तुमच्या गाडीला बहुतेक पूर्ण चेन कव्हर असेल, त्याला खाली रबरी बूच असतं, ते काढलं की आत बोट घालून चेन वर-खाली करून बघता येते. साधारण इंचभर ढिली हवी, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये आहे. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, जिथे सगळ्यात टाइट असेल तिथलं माप धरायचं. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं, आणि ताणून झाल्यावर मागचा ब्रेक परत अ‍ॅडजस्ट करायला विसरू नका कारण चाक मागे सरकलेलं असतं. चेनला ९० नंबरचं, म्हणजे गिअर ऑईल द्या. आणि हात जोडून सांगतो, इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावू नका. फडकं चेनमध्ये अडकतं आणि बोटांना घेऊन जातं. चाक हातानेच फिरवायचं, गाडी न्यूट्रल आणि चावी खिशात.

घरी काय करू नका तेही सांगतो. डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या ऑईलला हात नको, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, आणि बदलताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर लिव्हर दाबल्यावर हाताला नुसतं मऊ लागतं आणि गाडी थांबत नाही. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं, हे थंड इंजिनावर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून करायचं काम आहे, त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो, ते मिस्त्रीकडे. क्लच साइडचं कव्हर उघडून आतली ऑईलची जाळी साफ करणं तेही मिस्त्रीकडे. एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ गाडी असेल तर फ्युएल इंजेक्शनच्या वायरी आणि सेन्सर उगाच काढघाल करू नका, मीटरवर इंजिनचा दिवा लागला की ते स्कॅनरचं काम.

आता हिशेब. आज तुमचे वर्षाला चार वेळा १,९२० म्हणजे ७,६८० जातात. फ्लश, पॉलिश, कन्झ्युमेबल बंद केलं आणि फिल्टर वर्षातून एकदाच बदलला तर शोरूमलाच जाऊन ३,१२० वाचतात, खर्च येतो ४,५६०. म्हणजे हात काळे न करता. घरी करायचं तर चार वेळचं ऑईल १,६४०, वर्षातून दोनदा गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे टॅपेट, ब्रेक, बेअरिंग दाखवायचे धरा ६००, फिल्टर २४०, चेनचं ऑईल, रॉकेल, वायसर वगैरे २००, झाले २,६८०. म्हणजे वर आणखी १,८८० वाचले, पण पहिल्या वर्षी त्यातून पाने, प्लग पाना, नरसाळं, भांडं याचे हजारभर वजा करा. पाने स्वस्तातले घेऊ नका, मऊ पान्याने नटाचे कोपरे जातात.

तर तुमच्या मित्राचंही खरं आणि घरच्यांचंही. मी असं करेन की पुढचं सर्व्हिसिंग ओळखीच्या मिस्त्रीकडे, ऑईल स्वतः विकत घेऊन, आणि शेजारी स्टूल टाकून बसायचं. बोल्ट कुठला, किती आवळतो, नीट बघायचं. मग रविवारी सकाळी घरी पहिलं ऑईल बदला, सोमवारी सकाळी नको, काही चुकलं तर दुरुस्तीला दिवस हातात हवा. शिवाय दर पंधरा दिवसांनी चेनला ऑईल द्यायला गाडीशेजारी बसाल तेव्हा घासलेला टायर, सुटलेली वायर, गळती हे आपोआप दिसेल, आणि मला वाटतं १,८८० रुपयांपेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

प्रश्न : मुलाला कॉलेजसाठी नवीन मोटरसायकल घेतली, सर्व्हिसिंग फ्री म्हणाले आणि पहिल्याच वेळी ऑईलचे वगैरे पैसे घेतले. मग फ्री काय? त्यापेक्षा घरी केलं तर?
- एक पालक, नाशिक

उत्तर : फ्री असते ती मजुरी, ऑईल आणि लागलेलं सामान आपलं. चिडू नका, पण यापुढे किती लागेल ते आधी विचारून घ्या. वॉरंटी आहे तोवर घरी करू नका. उद्या इंजिनचं काही निघालं तर सर्व्हिसिंग वेळेवर झाल्याची नोंद बघतात आणि नसेल तर क्लेम अडकतो. पहिलं सर्व्हिसिंग तर चुकवायचंच नाही, नवीन इंजिनात पार्ट एकमेकांवर बसताना लोखंडाचा बारीक चुरा पडतो, तो त्या पहिल्या ऑईलबरोबर बाहेर जातो. मुलाला चेन आणि हवा तेवढी शिकवा.

प्रश्न : मी घरीच ऑईल बदलते, पण काढलेल्या ऑईलचं काय करायचं? सासरे म्हणतात दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावू, दीर म्हणतो चेनला घाल.
- एक वाचक, चिपळूण

उत्तर : शाब्बास, घरी करता हे वाचून खूप आनंद झाला. चेनला नको, त्या ऑईलमध्ये काजळी आणि धातूचा चुरा असतो, तो चेन आणखी घासतो. चौकटीलाही लावू नका, गावाकडे सर्रास लावतात मला माहीत आहे, पण वापरलेलं ऑईल कातडीला घातक असतं आणि दाराला घरातल्या लहान मुलांचे हात लागतात. गटारात किंवा परसात तर अजिबात ओतू नका, तुमच्याकडे पाऊस एवढा की ते वाहून विहिरीत किंवा वाशिष्ठीत जाणार. पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा, झाकण घट्ट असलेला, त्यात साठवत जा. ऑईल काढताना हातमोजे घाला. कॅन भरला की जवळच्या गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडे मागे काळं ड्रम असतं आणि ते ऑईल गोळा करणारे येऊन घेऊन जातात. द्यायच्या आधी एवढंच विचारा की ड्रम कुणाला देता, ऑईलवर प्रक्रिया करणाऱ्यांना देत असेल तर ठीक, भट्टीत जाळायला देत असेल तर दुसरा गॅरेजवाला बघा.