'टर्नओव्हर' म्हणजे उलाढाल नव्हे

प्रश्न असा आहे: एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, एका सामन्याच्या मराठी वृत्तात 'यजमान संघाच्या १८ उलाढाली झाल्या' असं वाक्य वाचनात आलं. या उलाढाली कसल्या? आणि आकडेवारीच्या तक्त्यातले असिस्ट, रिबाउंड, फील्ड गोल, ट्रिपल-डबल, प्लस-मायनस हे शब्द मराठीत कसे लिहावेत?

उलाढाली 'टर्नओव्हर'च्या. कोशात समोर जो प्रतिशब्द दिसला तो उचलून ठेवला की असं होतं. व्यापाऱ्याच्या वार्षिक हिशेबात उलाढाल चपखल बसते, राजकारणातल्या उलाढालीही आपल्या ओळखीच्या आहेत. पण बास्केटबॉलमधला टर्नओव्हर म्हणजे बास्केटकडे चेंडू फेकण्याआधीच तो प्रतिपक्षाला देऊन बसणं. पास भलत्याच्या हाती गेला, चेंडू हातात धरून जास्त पावलं पडली, पाय रेषेबाहेर गेला, आक्रमण करतानाच फाउल झाला, २४ सेकंदांत फेकच झाली नाही, हे सगळं त्या एका आकड्यात जमा होतं. मग 'यजमानांनी १८ वेळा चेंडू गमावला' एवढंच म्हणावं. काय घडलं ते कळतं आणि वाक्यही मराठी राहतं.

इथेच माझं मुख्य म्हणणं सांगून टाकतो. तक्ता नामांचा असतो, पण मराठीत खेळ क्रियापदांनी सांगितला जातो. नामाला नाम शोधत बसलं की उलाढाल हाती लागते, क्रियापद शोधलं की शब्द आपोआप सुचतो. 'स्टील'चंच बघा. 'चोरी' लिहिलं तर पोलिसांत तक्रार गेल्यासारखं वाटतं, 'चेंडू हिसकावला' म्हटलं की हालचाल डोळ्यांसमोर येते. शिवाय गमावणं आणि हिसकावणं या जोडीतला हिशेबही स्पष्ट होतो. हिसकावलेला प्रत्येक चेंडू समोरच्याने गमावलेला असतोच, पण गमावलेला प्रत्येक चेंडू कुणी हिसकावलेला असतो असं नाही. यजमानांनी १८ वेळा गमावला आणि पाहुण्यांनी ११ वेळा हिसकावला, तर उरलेले ७ यजमानांनी आपल्या हाताने घालवले.

असिस्टला 'साहाय्य' म्हणायला माझा विरोध आहे. (लिहायचंच असेल तर निदान 'साहाय्य' लिहा, 'सहाय्य' नको.) साहाय्य हा फार उदार शब्द आहे, असिस्ट तितका उदार नाही. तुमच्या पासवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली तरच असिस्ट. तोच चेंडू कडीवर आपटून बाहेर आला तर पास कितीही देखणा असो, नोंद शून्य. ३० डिसेंबर १९९० रोजी ऑर्लँडो मॅजिकच्या स्कॉट स्काइल्सने एका सामन्यात ३० असिस्ट दिले. 'स्काइल्सने ३० साहाय्ये केली' असं लिहिलं तर तो धर्मादाय संस्था चालवत होता असं वाटेल. असिस्ट हाच शब्द ठेवा, क्रियापद 'देणे'.

रिबाउंड म्हणजे फेक चुकून परत आलेला चेंडू पकडणं. तोही शब्द तसाच ठेवावा, 'प्रतिक्षेप' कुणी बोलत नाही. मी तो पुल्लिंगी वापरतो आणि 'घेतो': एक रिबाउंड घेतला, दहा रिबाउंड घेतले. आक्रमणातले आणि बचावातले असे त्याचे दोन भाग मराठीत सहज होतात.

'फील्ड गोल', म्हणजे खेळ चालू असताना केलेली बास्केट, जरा फसवा आहे. 'मैदानी गोल' हा शब्द आपल्याकडे हॉकीने आधीच घेतलेला आहे. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले, त्याची ओळ तक्त्यात ३६-६३ आणि २८-३२ अशी आहे. '६३ पैकी ३६ मैदानी गोल' वाचून मराठी वाचक हॉकी स्टिक शोधायला लागेल. '६३ प्रयत्नांत ३६ बास्केट, ३२ फ्री थ्रोंपैकी २८' असं लिहा. (फ्री थ्रो म्हणजे फाउलबद्दल मिळणारी एका गुणाची मोफत फेक.) तीन गुणांची फेक एनबीएत १९७९-८० च्या मोसमापासून आली, त्यामुळे इथे हिशेब सरळ आहे: ३६ दुणे ७२ आणि २८ मिळून १००. तरीही त्याने किती फेका अडवल्या हे तक्ता सांगत नाही. ब्लॉक आणि स्टील यांची अधिकृत नोंद एनबीए १९७३-७४ पासून ठेवू लागली, आणि तोवर चेंबरलेन एनबीएतून बाहेर पडला होता.

ट्रिपल-डबलसाठी 'तिहेरी-दुहेरी' वाचलं की लग्नाच्या हारांची चर्चा चालू आहे असं वाटतं. खरं तर यातला 'डबल' आपल्याकडे क्रिकेटच्या वृत्तांमुळे कधीचाच रुळलेला आहे: 'तळाच्या फलंदाजांना दुहेरी आकडा गाठता आला नाही.' तोच दुहेरी आकडा तीन रकान्यांत गाठला की ट्रिपल-डबल. शब्द तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'तीन रकान्यांत दुहेरी आकडा' असा खुलासा द्या. रकाने कोणते, तेही सांगा. गोल्डन स्टेटच्या ड्रेमंड ग्रीनने १० फेब्रुवारी २०१७ रोजी मेम्फिसविरुद्ध रिबाउंड, असिस्ट आणि हिसकावलेले चेंडू यांत दुहेरी आकडा गाठला, गुण मात्र फक्त ४.

प्लस-मायनसला मात्र 'अधिक-उणे' म्हणायला हरकत नाही. एखादा खेळाडू कोर्टवर असताना त्याच्या संघाने किती गुण केले आणि किती दिले, यांतला हा फरक. कोर्टवर एका वेळी पाच जण असल्याने संघ १० गुणांनी जिंकला तर सगळ्या खेळाडूंच्या अधिक-उण्यांची बेरीज अधिक ५० येते. छापलेला तक्ता बरोबर आहे का, हे बघायला ही बेरीज मला फार आवडते.

विचारलं नाहीये, तरी तक्त्याच्या तळाशी असणाऱ्या एका नोंदीबद्दल सांगतो. बाकावर बसून राहिलेल्या खेळाडूपुढे इंग्रजीत 'खेळला नाही, प्रशिक्षकाचा निर्णय' अशा अर्थाची लांबलचक टीप असते. मराठीत एवढं लिहायची गरज नाही. दुखापत झालेला खेळला नाही. याला खेळवला नाही.