विष नाकतोड्यातून येतं

प्रश्न : मुलाने अंगणातल्या कढीपत्त्यावरून हिरवा प्रार्थनाकीटक आणून जाळीच्या डब्यात पाळलाय. गेल्या आठवड्यात काटोलला भावाच्या शेतातून बरणीभर नाकतोडे आणले, तेच त्याला खायला देतो. कालपासून त्याचे पाय थरथरतात, जाळीवरून पडतो, तोंडाशी तपकिरी थेंब येतो. आम्ही रात्री कॉइल लावतो, त्यामुळे असेल का? की कात टाकतोय? मुलगा रडून हैराण आहे.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, हे कात टाकणं नाही. कात टाकायच्या आधी हा खाणं सोडतो, पण छताला घट्ट उलटा लटकून राहतो. पकड सुटणं, थरथर आणि तोंडातून येणारं पाणी, ही तिन्ही एकत्र दिसली की मला आधी विषबाधेचीच शंका येते.

कॉइल आजपासून बंदच करा, लिक्विडचं मशीनही. त्यांतली औषधं थेट किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करतात. हा शेतकऱ्याचा मित्रकीटक आहे हे औषधाला कळत नाही. पण मला जास्त संशय त्या बरणीचा आहे. काटोलकडे पावसाळ्यात कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी आणि संत्र्यावर सिला या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारण्या होतात. त्यांतली इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं पानाच्या रसात उतरतात, वरून धुतल्याने जात नाहीत. नाकतोडा ते पान कुरतडतो. त्याला मात्रा कमी बसली तर तो बरणीत टुणटुण उड्या मारतो, आणि तुमचा कीटक त्याला पोटातल्या पानासकट खातो. असे रोज एक-दोन दिले की मात्रा वाढत जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं दगावली होती. हा तर बोटभर जीव.

यावर उतारा नाही, तो वाचेलच असं मी सांगू शकत नाही. तरी प्रयत्न जरूर करा. उरलेले नाकतोडे देऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. कीटकाला कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, हवेशीर सावलीत ठेवा. खोक्यावर नव्या मच्छरदाणीचा तुकडा लावू नका, काही मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेलंच असतं. जुनी धुतलेली सुती ओढणी चालेल. ब्रशच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन तोंडाशी धरा. स्वतःहून पाय पुढे करेपर्यंत खाणं नको.

सावरला तर पुढे रातकिडे घरीच वाढवा : बादलीत गव्हाचा कोंडा, सोललेलं गाजर आणि अंड्यांचे पुठ्ठे. घरातलं झुरळ कधीच नको, झुरळं मारायचं जेल खाल्लेलं झुरळ मरण्याआधी बराच वेळ फिरत असतं. कुत्र्याला गोचिडाचं औषध लावलेल्या हाताने खोका उघडू नका. आणि गल्लीत डासांची धूरफवारणी आली की खोका आतल्या खोलीत नेऊन खिडक्या लावा, धुराचा वास पूर्ण गेल्यावरच बाहेर आणा.