दालमिलचा हिशोब फोनवर, सॉफ्टवेअर न घेता

प्रश्न: आमचा बायांचा बचत गट आहे जी, दर्यापूर तालुक्यात मिनी दालमिल चालवतो. शेतकरी तूर भरडायला आणतात, अन आम्ही विकत घेऊनही दाळ करतो. हिशोब वहीत आहे, पण कोणत्या लॉटचा उतारा किती आला, म्हणजे किती तुरीतून किती दाळ निघाली, हे महिन्यानंतर कोणालाच सांगता येत नाही. एकानं सॉफ्टवेअरचा असा भाव सांगितला की हंगामाचा नफाच त्यात जाईल. कॉम्प्युटरवाली आमच्यात कोणीच नाही, फोन आहेत. काय करावं?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर: ताई, सध्या सॉफ्टवेअर घेऊच नका. तुम्हाला नेमकं काय पाहिजे हे तुम्हीच एका वाक्यात सांगितलं, लॉटचा उतारा, बस तेवढंच आधी करा. बिल, स्टॉक, हजेरी सगळं एकदम धरलं की पंधरा दिवसात बाया परत वहीवर येतात, हे मी लय ठिकाणी पाहिलं.

गुगल फॉर्म फुकट आहे अन मराठीत बनते. तुरीला तेल लावून वाळवायला दिवस जातात, म्हणून तूर आली त्या दिवशी एक नोंद अन दाळ निघाली त्या दिवशी दुसरी, दोन्ही जोडणारा एकच धागा म्हणजे लॉट नंबर, तो कट्ट्यावर मार्करनं लिहिलाच पाहिजे. फॉर्ममधे लॉट नंबर, आवक की दाळ, किलो, इतकंच ठेवा, "आवक की दाळ" ड्रॉपडाऊन ठेवा म्हणजे टाइप करायचं काम नाही, तारीख-वेळ आपोआप पडते. फॉर्मचा क्यूआर छापून काट्याजवळ चिकटवा, वजन झालं की तिथंच स्कॅन करायचं, संध्याकाळी आठवून भरायचं नाही. नोंदी फॉर्मला जोडलेल्या गुगल शीटमधे, म्हणजे फोनवरच्या तक्त्यात, जमा होतात. हिशोब मात्र वेगळ्या टॅबवर करा, कारण नवी नोंद नव्या ओळीत येते अन बाजूला लिहिलेला फॉर्म्युला तिथं पोचत नाही. त्या टॅबवर सम-इफ्सनं (SUMIFS, लॉट नंबर अन प्रकार दोन्ही जुळतील तेवढ्याच ओळी जोडणारा फॉर्म्युला) लॉटची तूर अन दाळ वेगवेगळी बेरीज करायची, दाळ भागिले तूर गुणिले १००. १०० किलोत ७२ किलो आली तर उतारा ७२ टक्के. ड्रॉपडाऊनमधे 'चुरी' हा तिसरा पर्याय टाकून चुरीचं (तुटक्या दाळीचं) वजनही घेत जा, उतारा कुठं गेला ते तिथंच दिसते. रेंज नसली तर फॉर्म उघडत नाही, तेव्हा पाटीवर लिहा अन रेंज आली की भरा.

हे मोठ्या ठिकाणीही असंच करतात बरं. केंब्रिज विद्यापीठात २०१८ पासून 'डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग ऑन अ शूस्ट्रिंग' नावाचं काम सुरू आहे, तिथं आधी छोट्या कारखानदारांना विचारतात तुमची अडचण कोणती, मग रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसारख्या, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून तेवढंच साधन जोडतात. भारी मशीन बदलायची गरजच पडत नाही.

एक हंगाम उतारा नीट जमला तर पुढं मिल किती तास भरलेली चालली अन किती तास रिकामी, हेही कळू शकते. त्यासाठी मोटरच्या वायरला चिमट्यासारखा करंट सेन्सर लागतो, वायर कापावी लागत नाही, पण तो एकाच फेजच्या वायरभोवती बसला पाहिजे, सगळ्या वायरी एकत्र धरल्या तर काहीच दिसत नाही. पॅनल उघडायला वायरमनच बोलवा, स्वतः हात घालू नका. बाकी जोडणीसाठी जवळच्या पॉलिटेक्निकमधे विचारा, फायनल इयरच्या पोरांना प्रोजेक्ट लागतेच. फक्त जीमेल खातं गटाच्या नावानं काढा अन पासवर्ड अध्यक्ष-सचिव दोघींकडे ठेवा, कारण पोरगं पास होऊन पुण्याला गेलं अन खातं त्याच्याच नावावर असलं की सगळ्या नोंदी त्याच्यासोबत जातात.