मगजाचे तेल आणि कारल्याची बी

प्रश्न : रंगपंचमीच्या ठंडाईसाठी आम्ही दरवर्षी सियागंजातून मगज आणतो. यंदा तो पुष्कळ उरला आहे. ओळखीचे घाणीवाले म्हणतात, याचे तेल काढून घ्या, रोजच्या स्वयंपाकाला सोयाबीनपेक्षा चांगले. घरच्या वेलावर पिकलेल्या कारल्यांच्या आणि पडवळांच्या बियाही साठल्या आहेत. साऱ्या एकाच कुळातल्या, म्हणून एकत्रच घाण्याला घालाव्यात का? (एक वाचक भगिनी, इंदूर)

उत्तर : कारल्याच्या आणि पडवळाच्या बिया आपण आधी बाजूला काढाव्यात, कारण कूळ एक असले तरी त्यांच्या तेलाची घडण मगजाच्या तेलाहून अगदी निराळी असते.

मगज म्हणजे कलिंगड, खरबूज, काकडी, भोपळा यांच्या सोललेल्या बिया. त्यांत निम्म्याच्या आसपास तेल असते. दोन दाणे कागदावर ठेवून वाटीच्या बुडाने दाबले, तर कागदावर लगेच तेलकट डाग उमटतो. कलिंगड आणि खरबुजाच्या तेलात साधारण 60 ते 70 टक्के लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-6 गटातले मेदाम्ल, असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः ओलेइक, पामिटिक व स्टिअरिक आम्ले असतात. भोपळ्याचे तेल मात्र एका साच्याचे नसते. त्यातले लिनोलिक आम्ल वाणाप्रमाणे 35 ते 60 टक्क्यांपर्यंत बदलते, आणि बी भरण्याच्या दिवसांत हवा थंड असेल तर ते वाढून ओलेइक आम्ल त्या मानाने घटते.

आता सोयाबीनकडे पाहू, कारण आपल्या माळव्यात ते तेल घरोघरी आहे. त्यातही निम्म्याहून थोडे अधिक लिनोलिक आम्लच असते, पण सोबत सुमारे 7 टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3, असते. मगजाच्या तेलात ते बहुधा एक टक्काही भरत नाही. म्हणजे सोयाबीन सोडून मगजाचे तेल धरल्याने जे घरात आधीच भरपूर आहे तेच वाढेल आणि जे थोडे आहे ते जाईल. कचोरी तळण्याला तर ते मुळीच योग्य नाही, कारण लिनोलिक आम्ल तापवल्यावर ओलेइक आम्लापेक्षा कितीतरी लवकर बिघडते. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात भोपळ्याच्या बियांचे गडद हिरवे तेल मोठ्या आवडीने खातात, पण तेही कच्चेच, कोशिंबिरीवर घालून.

कारल्याच्या तेलात अल्फा-इलिओस्टिअरिक आम्ल मोठ्या प्रमाणात, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, असते, तर पडवळाच्या तेलात प्युनिसिक आम्ल भरपूर असते, जे डाळिंबाच्या बियांतही सापडते. दोन्हींत 18 कार्बन अणूंच्या साखळीवर तीन दुहेरी बंध लागोपाठ, एकाआड एक, येतात. लिनोलिक आम्लात दोनच दुहेरी बंध असतात आणि त्यांच्यात थोडे अंतर असते. लागोपाठच्या बंधांवर हवेतला ऑक्सिजन चटकन चढतो, तेल दाटते आणि त्यावर साय धरते. लाकडाला लावायच्या तुंग तेलाचा सुमारे 80 टक्के भाग याच इलिओस्टिअरिक आम्लाचा असतो, यावरून त्याचा स्वभाव लक्षात यावा. असे तेल मगजाच्या तेलात मिसळले तर सगळा डबा लवकर खराब होईल. कोवळ्या कारल्याची भाजी आपण बियांसकट करतो, त्याची मात्र काळजी नको. कोवळ्या बीत तेल जेमतेमच असते.

माझे मत विचाराल तर मगज घाण्याला घालूच नये. त्यातली सुमारे 30 टक्के प्रथिने, तसेच मॅग्नेशियम आणि जस्त, सारे पेंडीत जाते आणि आपल्या हाती फक्त तेल उरते. एक दाणा चावून पाहावा. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, खवट चव रेंगाळली तर तो मगज टाकून द्यावा. चव गोडसर असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि रस्सा दाट करायला किंवा डिंकाच्या लाडवांत वापरावा. कारल्या-पडवळाच्या बिया सावलीत वाळवून, राखेत घोळवून, मृगाच्या पेरणीसाठी राखून ठेवाव्यात.